इफ्तारचा पहिला घोट आणि दातातली कळ

मगरिबची अजान झाली की घरात क्षणभर कुणीच बोलत नाही. आधी खजूर, मग पाण्याचा घोट आणि त्यानंतर सरबत. गेल्या रमजानमध्ये आमच्या खालाचा पेला मात्र ओठांपर्यंत जाऊन थांबायचा. मान जराशी कलती करून, घोट डाव्या गालाकडे सारून ती हळूच गिळायची. "थंड लागतंय गो, दुसरं काय नाय," एवढंच म्हणायची. आम्हीही ते ऐकून घ्यायचो आणि भज्यांकडे वळायचो.

दात हळवे होणं हे दुखणंच असं आहे. ताप आला तर घर जागं राहतं. दातात कळ आली तर माणूस गालावर हात ठेवून गप्प बसतो. शेजारच्या काकू चतुर्थीचा उपास सोडताना असंच करतात, हे मला नंतर कळलं. उपास कुठलाही असो, तो सोडताना पहिला घोट दातांवरूनच जातो.

ही कळ येते कशी? दातावर कवच असतं, एनॅमलचं. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच. त्याच्या खालच्या थरात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या आतल्या शिरेच्या दिशेनं जातात. कवच झिजलं किंवा हिरडी मागे सरून मूळ उघडं पडलं, की या नळ्यांची तोंडं उघडी होतात. थंड, गरम, गोड, आंबट काहीही लागलं तरी नळ्यांमधला द्रव हलतो आणि शीर ठणकते.

रमजानमध्ये हे जास्त जाणवण्याला कारणं आहेत. जवळजवळ तेरा तास पाणी नाही, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. लाळ ही दातांची राखणदार. ती आम्ल धुऊन काढते आणि कवचाला क्षार परत देते. नेमकी तीच कमी झालेली असताना आपण लिंबाचं किंवा कोकमाचं बर्फ घातलेलं सरबत घेतो आणि त्यावर पाच मिनिटांत वाफाळता चहा. दात आंबतात म्हणतो ना आपण, ते उगाच नाही. आम्ल लागलं की कवचाचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो.

घरातले उपाय, आणि त्यांची मर्यादा

पहिला उपाय फुकटचा आहे. सरबतात बर्फ घालू नका, माठाचं पाणी पुरे. आंबट सरबत चघळत, घोळवत बसू नका. सरळ प्या आणि वरून साध्या पाण्यानं चूळ भरा. त्यानंतर लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेलं कवच घासलं तर तेच निघून जातं. निदान अर्धा तास जाऊ द्या, तरावीहनंतर झोपताना घासलंत तर उत्तम. खजूर दाताला चिकटतो, म्हणून त्यानंतरही चूळ हवी. सहरीचा शेवट गोड चहानं करण्याऐवजी दही किंवा दूध घ्या, मग दात घासा आणि पाणी पिऊन नियत करा.

दुसरा उपाय मिठाच्या पाण्याचा. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोनतीनदा गुळण्या. हिरड्यांची सूज उतरायला त्याची मदत होते. रोजेदारांनी या गुळण्या इफ्तारनंतर आणि सहरीच्या वेळी कराव्यात.

तिसरी लवंग. तिच्यातलं युजेनॉल दुखरी जागा काही काळ बधिर करतं. पण लवंगेचं तेल थेट लावलं तर हिरडी भाजते. चमचाभर खोबरेल तेलात एकदोन थेंब मिसळून कापसाच्या बोळ्यानं लावावं. लहान मुलांना ते लावू नये. रोजा असताना लवंग दाताखाली धरली तर रस पोटात जाणारच, म्हणून हा उपायही रात्रीचा. आणि बधिर होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे विसरू नये.

चौथा उपाय मशिदीबाहेर जुडीनं मिळणारी मिसवाक. ही पीलूच्या झाडाची मुळी किंवा फांदी. अरबस्तान, सिंध, राजस्थान, कच्छ अशा कोरड्या मुलखात हे झाड वाढतं. पैगंबरसाहेबांनी मिसवाकची फार ताकीद केली होती, हे बहुतेकांना माहीत असतं. तिच्यात जंतूंना आळा घालणारी द्रव्यं आहेत, थोडं फ्लोराइडही आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही तिच्या वापराला पाठिंबा दिलेला आहे. आपल्याकडच्या कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या काडीची ही बहीणच. पण वापरायची रीत हवी. टोकाची अर्धा इंच साल काढून, पाण्यात भिजवून, चावून मऊ कुंचला करायचा. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हातानं फिरवायचा. दोनतीन दिवसांनी ते टोक कापून नवं करायचं. आडवी, जोर लावून घासली तर मिसवाक असो की ब्रश, हिरडी मागे सरते आणि दात आणखी हळवे होतात.

घरगुती नसला, तरी एक उपाय सांगायलाच हवा. हळव्या दातांसाठीच्या कित्येक टूथपेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं, म्हणजे आपला सोरा. ते शीर शांत करतं. पण दोन ते चार आठवडे रोज दोनदा वापरल्याशिवाय फरक दिसत नाही. म्हणून घरात पुडीतला सोरा आणून दातांना चोळायचा मात्र नाही.

हे करू नका

राख, कोळसा, विटेची पूड, भरड मीठ यांनी दात पांढरे दिसतात, कारण कवच खरवडलं जातं. लिंबू चोळल्यानं तेच होतं. दुखऱ्या दाताशेजारी डोकेदुखीची गोळी दाबून ठेवण्याची सवय अनेकांना आहे. त्यानं गाल आतून भाजतो.

आणि मशेरी. यावर बोलायला आपल्याकडे बायका लाजतात, म्हणून मी बोलते. आमच्या मोहल्ल्यात आहे, शेजारच्या वाडीतही आहे. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटानं हिरड्यांवर घासायची आणि त्याला दात घासणं म्हणायचं. तंबाखूनं कळ थोडा वेळ विसरायला होते, म्हणून ती औषध वाटते. प्रत्यक्षात तिनं हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट उघडते. खालानं चाळीस वर्षं मशेरी लावली. रोजा असताना ती दिवसभर मशेरीला हात लावायची नाही आणि इफ्तारनंतर पहिली डबी शोधायची. जी बाई तेरा तास राहू शकते ती चोवीस तासही राहू शकेल, असं मला वाटतं. मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६.

रोजा आणि दातांचा डॉक्टर

खाला डॉक्टरकडे का गेली नाही? "रोजा मोडंल." तिच्यासारखं मानणारे पुष्कळ आहेत. दात घासण्याबाबतही घराघरांत वेगळं सांगितलं जातं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. दुपारनंतर मिसवाक करणं आमच्याकडे मकरूह, म्हणजे टाळलेलं बरं. माझी भाभी मराठवाड्यातली, हनफी. तिच्याकडे दिवसभर चालते. दोघी एकाच मोरीवर तोंड धुतात आणि दोघींचेही रोजे होतात.

उपचारांबाबत इस्लामी फिक्ह अकादमीनं १९९७ मध्ये जेद्दा इथल्या बैठकीत स्पष्ट सांगितलं आहे की दात कोरणं, काढणं, साफ करणं यानं रोजा मोडत नाही. अट एवढीच की घशाकडे गेलेलं काही गिळलं जाऊ नये. तरी मनात किंतु असेल तर आपल्या मौलानांना विचारावं आणि डॉक्टरांकडे इफ्तारनंतरची वेळ मागावी. आणि दुखणं मोठं असेल तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची सवलत खुद्द कुरआननं दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

घरचे उपाय कधी थांबवायचे? कळ एकाच दातात असेल, थंड गेल्यावरही ती अर्धा मिनिट टिकत असेल, गरम लागल्यावर किंवा चावताना दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर तो नुसता हळवा दात नाही. दोनतीन आठवड्यांत फरक पडला नाही तरी दाखवावं. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडे जास्त लक्ष द्यावं. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी जावं.

खालानं तीसही रोजे पुरे केले, लवंगेवर आणि मशेरीवर. ईदच्या सकाळी तिचा उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. शिरखुर्मा तिनं स्वतः केला आणि स्वतःच चाखला नाही. दोन दाढा काढाव्या लागल्या. महिनाभर आधी आली असतीस तर एक तरी दाढ भरून वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं तिच्या परवानगीनं लिहिते आहे. "लिव गो, दुसऱ्या कुणाची तरी दाढ वाचंल," ती म्हणाली.

यंदा मशेरीची डबी तिनं स्वतःच्या हातानं चुलीत टाकली. सरबत माठाच्या पाण्यात होतं. आपण मात्र आज इफ्तारला, किंवा चतुर्थीचा चंद्र दिसल्यावर, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे एकदा नीट बघा. कुणी मान कलती करून पाणी पीत असेल तर विचारा. "काही नाही" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.