गतिनियंत्रकाच्या घड्याळांविषयीचे काही भ्रम

अनेक अक्षांच्या यंत्राचे चलनवलन सांभाळणारा नियंत्रक प्रथमच ज्याच्या स्वाधीन केला जातो, त्या तंत्रज्ञास वडीलधाऱ्यांकडून बहुधा एवढीच ताकीद मिळते की, घड्याळांच्या मूल्यांना हात लावू नये. आणि पुढे निरुपायाने ती बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे या ताकिदीपोटी जोपासलेले अज्ञानच त्याला नडते. डेल्टा टाऊ या कॅलिफोर्नियातील कंपनीचा, ३२ मोटारींपर्यंत भार वाहणारा टर्बो पीमॅक-२ हा नियंत्रक येथे उदाहरणादाखल घेतो, कारण त्याची सर्व मूल्ये क्रमांकवार चलांत उघडपणे मांडलेली असतात आणि कोणासही त्यांचा हिशेब तपासता येतो.

सर्वांत रूढ भ्रम असा की, आय-१० या चलात जी संख्या लिहावी त्या वेगाने सर्व्हो चालतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. सर्व्होचे स्पंदन निर्माण करते ती चिप, आणि तेही पायरीपायरीने: ११७.९६४८ मेगाहर्ट्झच्या मूळ आवर्तनाला आय-७००० च्या दुपटीत तीन मिळवून येणाऱ्या संख्येने भागले म्हणजे फेज-घड्याळाची कमाल मर्यादा मिळते, तिला आय-७००१ मध्ये एक मिळवून भागले म्हणजे प्रत्यक्ष फेज-घड्याळ ठरते, आणि त्याला तसेच आय-७००२ मध्ये एक मिळवून भागले म्हणजे सर्व्हो-घड्याळ निघते. कारखान्यातून येताना ही मूल्ये अनुक्रमे ६५२७, ० आणि ३ असतात. त्यांवरून फेजची वारंवारता सुमारे ९.०३५ किलोहर्ट्झ आणि तिच्या चौथ्या हिश्श्याची सर्व्होची २.२५९ किलोहर्ट्झ येते, म्हणजे दर सुमारे ४४२.७ मायक्रोसेकंदांनी एकदा सर्व्होचे गणित होते. या साखळीत आय-१० कोठेच नाही. त्यात केवळ एका सर्व्हो-चक्राचा काल, मिलिसेकंदाच्या ८३,८८,६०८ व्या अंशांत, नोंदवलेला असतो, आणि मार्ग आखणारी आज्ञावली त्या नोंदीवर निमूट विश्वास ठेवते. सातबाऱ्यावरचा आकडा बदलल्याने शेताचे क्षेत्र वाढत नाही, तसाच हा प्रकार.

परंतु खोट्या नोंदीचे परिणाम मात्र खरे असतात. समजा, एखाद्याने आय-७००२ तीनावरून एकावर आणून सर्व्होचा वेग दुप्पट केला आणि आय-१० निम्मे करावयाचे तो विसरला. तर नियंत्रक प्रत्येक चक्रात पूर्वीच्याच दीर्घ कालाइतके अंतर आखीत राहील, चक्रे मात्र दुपटीने येतील, आणि अक्ष आज्ञेच्या दुप्पट वेगाने व चौपट त्वरणाने धावू लागेल. असल्या वेळी दोष मोटारीला किंवा ॲम्प्लिफायरला लावला जातो, हे पाहून खरोखर नवल वाटते.

दुसरा भ्रम शिकलेल्यांचा आहे: सर्व्हो जितका जलद तितके नियंत्रण उत्तम. एका मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. तथापि एन्कोडरकडून सेकंदाला १००० मोजण्या येत असतील, तर २.२५९ किलोहर्ट्झलाच प्रत्येक चक्राच्या वाट्याला अर्धीही मोजणी येत नाही. तेव्हा क्षणोक्षणी अजमावलेला वेग कधी शून्य तर कधी एक असा उड्या मारतो, आणि चक्र आणखी आखूड केल्याने हा खडबडीतपणा वाढतोच. शिवाय प्रोसेसरवरचा बोजा वाढून तो अतिरेकाला गेला की वॉचडॉग ही पहारा ठेवणारी यंत्रणा सर्व कारभार बंद पाडते. एखाद्या जड व मंद अक्षाला कमी वेग पुरत असेल, तर त्याचे साठावे चल वाढवून तेवढ्याच अक्षाचे गणित काही चक्रांआड करण्याची सोय आहे. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

हार्डवेअर-घड्याळांविषयीही हाच लोभ आढळतो. आय-७००३ मधील २२५८ ही संख्या गूढ नाही: तीत ३९.३२१६ मेगाहर्ट्झला दोनच्या घातांनी भागणारे चार भाजक एकत्र गुंफलेले असून, एन्कोडर वाचणाऱ्या घड्याळाला त्यांपैकी एकामुळे ९.८३०४ मेगाहर्ट्झ मिळतात. त्याहून जलद घड्याळ घेतल्यास अधिक वेगाची मोजणी शक्य होते हे खरे. पण एन्कोडरच्या संकेतावर जो चाळणीचा संस्कार होतो तो याच घड्याळाच्या तीन सलग नमुन्यांच्या बहुमताने होतो, आणि एका ठोक्याहून आखूड असा विजेचा उपद्रव त्यातच गळून पडतो. सबब, गोंगाटाच्या कारखान्यात हे घड्याळ मंदावणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. मात्र सेकंदाला जितक्या मोजण्या अपेक्षित असतील त्याहून ते पुरेसे जलद आहे याची खातरजमा आधी करावी.

राहिला रॅकमधील अनेक कार्डांचा प्रश्न. प्रत्येक कार्ड आपापल्या घड्याळावर चालते, ही समजूत निराधार आहे. फेज व सर्व्होचे संकेत एकच चिप देते, बाकीच्या ते घेतात, आणि ती चिप कोणती हे आय-१९ ठरवते. हे संकेतच न मिळाले तर वॉचडॉग नियंत्रक थांबवतो. आय-१९ मधील बदल जतन करून नियंत्रक पुन्हा सुरू केल्याखेरीज अमलात येत नाही, आणि इतर चलेही जतन न केल्यास वीज जाताच लोप पावतात.

पुढच्या पिढीच्या पॉवर पीमॅकमध्ये फेजची वारंवारता सरळ हर्ट्झमध्ये लिहिता येते, त्यामुळे पुष्कळ गणित वाचले आहे. परंतु सर्व्होचा काल स्वतंत्रपणे कळवण्याची जबाबदारी तेथेही वापरणाऱ्यावरच आहे.