खेळाचे पाठभेद : ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’च्या जपानी व अमेरिकन आवृत्त्या

ग्रंथाच्या बाबतीत ‘मूळ संहिता कोणती’ हा प्रश्न अभ्यासकांना नवा नाही. नकलाकारांचे प्रमाद आणि संपादकांनी सद्‌हेतूने केलेली ‘शुद्धी’ यांचा निवाडा करण्यासाठीच पाठचिकित्सेचे शास्त्र उभे राहिले. व्हिडिओ गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांनाही हा प्रश्न लागू पडतो. किंबहुना तेथे तो अधिक बिकट होतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’ हा साहसप्रधान खेळ याचे बोलके उदाहरण होय.

शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी रचलेला हा खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फॅमिकॉम’ या घरगुती खेळयंत्राला जोडावयाच्या डिस्क सिस्टिमसाठी तो चुंबकीय डिस्कवर निघाला. १९८७ साली तो अमेरिकेत व युरोपात गेला तेव्हा डिस्कची जागा कार्ट्रिजने घेतली. डिस्क सिस्टिममध्ये ध्वनीची एक जादा वाहिनी होती. तिच्या अभावी आरंभीचे संगीतही दोन्हीकडे सारखे ऐकू येत नाही. खेळाडूची प्रगती जपानमध्ये डिस्कवरच नोंदली जाई, तर अमेरिकेत ती कार्ट्रिजमधील छोट्या बॅटरीच्या आधाराने टिके. हे भेद यंत्रज्ञांचे. भाषेच्या अभ्यासकाला थांबविणारा भेद निराळाच आहे.

खेळातील भुयारांत ‘पोल्स व्हॉइस’ नावाचा मोठ्या कानांचा एक विचित्र जीव भेटतो. त्याला मोठा आवाज सहन होत नाही, असे खेळासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले आहे. जपानी खेळाडूला या विधानाचा उपयोग करता येत असे. १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन बसविलेला होता. त्यात ओरडले की पडद्यावरचा पोल्स व्हॉइस मरून पडे. अमेरिकेतील यंत्राच्या कंट्रोलरला मायक्रोफोन नव्हता. म्हणून तेथील आवृत्तीत हा जीव बाणाने मरेल अशी योजना केली गेली. पुस्तिकेतील विधान मात्र इंग्रजीत उतरून जसेच्या तसे राहिले. ते वाचून खेळाडूने जवळची बासरी वाजवावी, हे स्वाभाविकच होते. कारण ‘डिगडॉगर’ नावाच्या दुसऱ्या एका राक्षसावर ती बासरी खरोखरच चालते. पोल्स व्हॉइसवर तिचा काहीही परिणाम होत नाही.

येथे भाषांतरकाराला दोष देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. विधानाचे भाषांतर बरोबरच आहे. ज्या वस्तूमुळे ते सार्थ होते, ती वस्तूच समुद्रापलीकडे गेली नाही. शब्द शाबूत राहून अर्थ नाहीसा होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रंथांच्या इतिहासात क्वचितच सापडावे. खेळाची संहिता केवळ पडद्यावरील अक्षरांत नसते. यंत्र, कंट्रोलर आणि पुस्तिका हे तिचेच भाग असतात.

शब्दांच्या पातळीवरही काही गोष्टी गळाल्या. खेळाच्या आरंभीच गुहेतील वृद्ध नायकाला तलवार देतो. जपानी आवृत्तीत त्याचे बोलणे कातकाना लिपीत येते आणि वाक्याला ‘जा’ हा प्रत्यय लागतो. व्यवहारात कोणताही जपानी आजोबा असे बोलेलच असे नाही. पण कथेत हा प्रत्यय ऐकताच बोलणारा वयोवृद्ध व ज्ञानी आहे हे कळते. अशा सांकेतिक बोलीला भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुइ ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, म्हणतात; तिच्यावरील त्यांचा ग्रंथ २००३ साली निघाला. इंग्रजीत हा वृद्ध सर्वसामान्य भाषेत बोलतो. ते बोलणे जगभर गाजले, पण त्यातला म्हातारपणा गेला तो गेलाच.

याहून कुतूहलाची गोष्ट प्रस्तावनेच्या मजकुराची. तो मूळ जपानी आवृत्तीतही इंग्रजीतच होता, आणि ते इंग्रजी सदोष होते. खलनायक ‘गॅनन’ याच्या नावातही एक ‘एन’ जास्त पडला होता. अमेरिकेत हा मजकूर तसाच गेला. तेव्हा हे अपभ्रष्ट इंग्रजी भाषांतरातील चूक नसून मूळ पाठच आहे. २००३ साली गेमक्यूब यंत्रासाठी निघालेल्या संग्रहात तो मजकूर सुधारला गेला. वाचकाची सोय झाली हे खरे; पण जुन्या पोथीतील अशुद्धे खोडून वर सुवाच्य अक्षर काढणाऱ्या लेखनिकाचेच हे काम होय.

जतनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. ‘झेल्डा’ हा काही त्या अभाग्यांपैकी नव्हे. तो पुनःपुन्हा निघत आला आहे. परंतु ‘उपलब्ध’ म्हणताना कोणता पाठ उपलब्ध, हे अशा गणनेत विचारले जात नाही. ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातील जुने खेळ अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. त्यामुळे पाठ ताडून पाहू इच्छिणाऱ्याला प्रत जेथे असेल तेथे जाणे भाग आहे.

आणि प्रती तरी किती टिकणार? जपानमध्ये दुकानांतील यंत्रावर ५०० येन देऊन डिस्कवरील जुना खेळ पुसून नवा लिहून घेता येत असे. ही सेवा २००३ पर्यंत चालली, आणि पाटी पुसावी तशा किती डिस्क पुसल्या गेल्या असतील याचा हिशेब नाही. डिस्क फिरविणारा रबरी पट्टा कालांतराने सैल पडतो किंवा विरघळतो. अमेरिकन कार्ट्रिजमधील खेळ त्या मानाने टणक. पण बॅटरी संपली की खेळाडूने राखलेली प्रगती जाते.

डिस्कवरील आकडे संगणकावर उतरवून एम्युलेटरच्या साहाय्याने चालविता येतात, आणि अनेकांनी चिकाटीने ते केलेही आहे. परंतु केवळ आकडे उतरविल्याने पोल्स व्हॉइससंबंधीचे ते विधान सार्थ होत नाही. त्यासाठी पुस्तिका हवी आणि मायक्रोफोनही हवा. १९९३ साली निघालेल्या फॅमिकॉमच्या नव्या घडणीतून जपानमध्येही तो काढून टाकला गेला. जुन्या घडणीत कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले असत. सबब, संग्रहालयाला तो दुसरा कंट्रोलर जपावयाचा तर त्यासोबत संपूर्ण यंत्रच चालू स्थितीत ठेवावे लागते.