वायरी बदलल्या, चाचणी राहिली

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. जे सॉफ्टवेअर बाहेरच्या यंत्राशी बोलतं, त्याची चाचणी पूर्ण झाली असं कधी म्हणायचं?

नुसत्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं सोपं असतं. आकडे द्यायचे, उत्तर ताडून बघायचं. पण सेन्सर, मोटर, वजनकाटा असं काही जोडलं की समोरून काय येईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून बरेचदा आपण खऱ्या यंत्राच्या जागी सिम्युलेटर लावतो. तो हवा तेव्हा चालतो, मोडत नाही. अडचण एवढीच, की यंत्र जसं वागेल असं आपल्याला वाटतं, तसाच तो वागतो.

याची किंमत किती असू शकते, ते 'मार्स पोलर लँडर'वरून बघू. नासाचं हे यान ३ डिसेंबर १९९९ रोजी मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरणार होतं. उतरण्याआधी ते गप्प झालं, ते कायमचंच. चौकशी मंडळाला सर्वांत संभाव्य वाटलेलं कारण असं होतं.

यानाला तीन पाय, आणि प्रत्येक पायात जमिनीचा स्पर्श ओळखणारा सेन्सर. सॉफ्टवेअर हे सेन्सर सेकंदाला १०० वेळा वाचायचं. लागोपाठ दोन वेळा 'टेकलं' असं आलं, की ते खरं मानायचं. आता सुमारे १,५०० मीटर उंचीवर पाय उघडले, की झटक्याने सेन्सर क्षणभर 'टेकलं' असं सांगू शकतो. सॉफ्टवेअरने ती नोंद केली, पण पुसली नाही. ४० मीटरवर नोंदी वापरायची वेळ आली तेव्हा जुनी नोंद तिथेच होती. इंजिनं बंद! उरलेलं अंतर यान दगडासारखं पडलं आणि ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने आदळलं.

मग चाचणी केलीच नव्हती का? केली होती, बरं का. पण त्या वेळी सेन्सरच्या वायरी चुकीच्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे खोटा संकेत सॉफ्टवेअरपर्यंत पोचलाच नाही. पुढे वायरी दुरुस्त झाल्या. ती चाचणी मात्र पुन्हा झाली नाही. शिवाय पाय उघडताना असा संकेत येतो हे माहीत होतं, पण सॉफ्टवेअरच्या गरजांच्या कागदात ते स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

यातून आपण काय घ्यायचं? एक, खऱ्या यंत्राकडून आलेले संकेत, खोट्या आणि उशिरा आलेल्यांसकट, साठवायचे आणि सिम्युलेटरला तेच द्यायचे. दोन, यंत्राचा विचित्रपणा ज्याला माहीत आहे, त्याच्याकडून तो लिहून घ्यायचा. तीन, वायर, सेन्सर, काहीही बदललं, की जुना निकाल रद्द समजून चाचणी पुन्हा करायची.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: चाचणी पूर्ण होते ती त्या दिवशीच्या जोडणीपुरती.