के-१९ वरची पहाटपाळी

पहाटे ४
तारीख ४ जुलै १९६१. उत्तर अटलांटिकमध्ये, यान मायेन बेटाच्या परिसरात सोव्हिएत पाणबुडी के-१९ सरावावर आहे. जुलैत इथे सूर्य मावळत नाही, आणि पाण्याखाली तर पहाट झाली हे घड्याळानंच सांगायचं. आत १३९ माणसं, तीन क्षेपणास्त्रं आणि प्रत्येकी ७० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला, सकाळी १० वाजून ३ मिनिटांनी, के-३ ही देशाची पहिली अणुपाणबुडी अणुशक्तीवर चालू लागली होती. अमेरिकेची ‘नॉटिलस’ मात्र १९५५ पासूनच समुद्रात होती. ते अंतर भरून काढायची मॉस्कोला घाई होती, आणि क्षेपणास्त्रवाहू के-१९ त्याच घाईत बांधली गेली.

सव्वाचार
उजव्या भट्टीच्या दाबमापकाचा काटा शून्यावर येतो. गाभा थंड ठेवणारं पाणी ज्या बंद नळ्यांतून प्रचंड दाबाखाली फिरतं, तिथेच गळती झाली आहे. नियंत्रक दांडे खाली जातात, साखळी प्रक्रिया थांबते. पण भट्टी विझली म्हणून लगेच निवत नाही. आत साठलेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता सोडतच राहतात आणि तापमान ८०० अंशांकडे चढू लागतं. अशा वेळी पाणी सोडायला वेगळी, राखीव नळी हवी. या पाणबुडीत ती बसवलेलीच नाही.

सकाळ
पाणबुडी वर येते. दूरच्या संपर्काची अँटेना निकामी, त्यामुळे मॉस्कोला विचारायची सोय नाही. कॅप्टन निकोलाय झातेयेव आणि अभियंते उपाय ठरवतात: भट्टीची हवा सोडणारी झडप कापायची, तिथे नळी वेल्ड करायची आणि पिण्याच्या साठ्यातलं गोडं पाणी आत सोडायचं. कागदावर तासाभराचं काम. पण ते करायचं भट्टीच्या कप्प्यात, किरणोत्सारी वाफेत.

माणसं आळीपाळीनं आत जातात, काही मिनिटं काम करून बाहेर येतात, की पुढची तुकडी आत. अंगावर साधे रेनकोट आणि तोंडावर वायूचे मुखवटे. किरणोत्सारापुढे दोन्हींचा उपयोग नाही. लेफ्टनंट बोरिस कोर्चिलोव या तुकडीचा अधिकारी. बाहेर येणाऱ्यांना उलट्या सुरू होतात. शेवटी नळी जोडली जाते, पाणी सुरू होतं, तापमान उतरू लागतं.

दुपार
भट्टी आटोक्यात आली तरी दूषित वाफ वायुवीजनातून इतर कप्प्यांत पोचली आहे. डाव्या भट्टीवर पाणबुडी दक्षिणेकडे निघते. सरावातल्या डिझेल पाणबुड्या तिकडे असतील, हा कॅप्टनचा हिशेब. खलाशांत कुजबुज वाढते. बंड झालं तर, म्हणून झातेयेव बहुतेक बंदुका-पिस्तुलं समुद्रात टाकून देतो. कमी ताकदीच्या रेडिओवरची हाक एस-२७० या डिझेल पाणबुडीला ऐकू येते, आणि तिचा कॅप्टन वरच्या आदेशाची वाट न बघता वळतो.

त्यानंतर
आधी आजारी, मग बाकीचे, अशी माणसं डिझेल पाणबुड्यांवर हलवली जातात. के-१९ ओढून तळावर आणली जाते. कोर्चिलोव १० जुलैला गेला. भट्टीच्या कप्प्यात राबलेले आठ जण महिन्याच्या आत दगावले. हे सगळं सोव्हिएत राजवट संपत येईपर्यंत गुपित राहिलं. भट्टीचा कप्पा बदलून ती पाणबुडी पुन्हा समुद्रात उतरली आणि १९९० पर्यंत सेवेत होती. खलाशांनी तिला नाव ठेवलं ‘हिरोशिमा’.

त्या सकाळी माणसांनी हातानं जोडलेली नळी आराखड्यातच असायला हवी होती. या अपघातानंतर सोव्हिएत अणुपाणबुड्यांत राखीव शीतकरणाची सोय कायमची बसवली गेली.