मानसशास्त्राच्या परीक्षेची तयारी

बारावीला किंवा कला शाखेच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेलीं मुलें हल्लीं पुष्कळ घरांतून दिसतात. विषय माणसाच्या मनाचा, म्हणजे रोजच्या परिचयाचा, तेव्हां तो सोपाच असणार अशी समजूत असते. आणि मग 'सगळें चार वेळां वाचलें होतें, पण ऐन वेळीं कांहींच आठवलें नाहीं' असें रडवेल्या तोंडानें सांगण्याची पाळी येते. वडील मंडळी 'लक्ष नव्हतें' असा निकाल देऊन मोकळी होतात, आणि मूल 'आपली बुद्धीच बेताची' असें मनाशीं धरून बसतें. आमच्या मतें हे दोन्ही निकाल बहुधा चुकीचे असतात. दोष असतो अभ्यासाच्या रीतीचा. आणि मौज अशी कीं, ती रीत कां फसते याची कारणें त्याच शास्त्रानें शोधून ठेविलीं आहेत.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्वतःवरच केलेले स्मृतीचे प्रयोग १८८५ सालीं प्रसिद्ध केले. निरर्थक शब्दावयवांच्या माळा पाठ करावयाच्या, कांहीं काळ जाऊं द्यावयाचा, आणि त्याच पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजावयाचें, असा त्याचा क्रम. तासाभरानें ही बचत सुमारें ४४ टक्के, दिवसानें ३४ टक्के, महिन्यानें २१ टक्के भरली. म्हणजे विसरण्याचा मोठा वांटा अगदीं आरंभींच उरकतो. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्यानें जात नाहीं हें खरें. तरी पहिली उजळणी लांबवूं नये, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. त्याला असेंहि आढळलें कीं, आदल्या एकाच दिवशीं केलेल्या ६८ आवृत्त्यांचें काम तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं भागतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणारांनीं हा हिशेब अवश्य पाहावा.

दुसरा प्रयोग अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी यांचा, २००६ सालचा. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा पुनःपुन्हां वाचला. दुसऱ्यानें तो आधीं वाचून नंतर तीन वेळां न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र वाचणारांस ४० टक्के आठवलें आणि लिहिणारांस ६१ टक्के. शिवाय 'आपल्याला चांगलें आठवेल' अशी अधिक खात्री होती ती वाचणारांनाच! ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून गेला कीं तो 'येतो' असें वाटतें. प्रश्नपत्रिकेपुढें पुस्तक नसतें.

आपल्या घरांतून तिन्हीसांजेला परवचा म्हणवून घेत, त्यांत हेंच तत्त्व होतें. मात्र परवच्याची घोकंपट्टी येथें पुरी पडत नाहीं. 'ऋण प्रबलन' म्हणजे काय याची व्याख्या मुलें घडाघडा म्हणतात आणि उदाहरण मात्र शिक्षेचें देतात. घरचाच प्रसंग घ्या. धाकटा रडूं लागतो, आजी त्याच्या हातावर लाडू ठेवते, रडें थांबतें. रडल्यानें लाडू मिळाला म्हणून मुलाचें रडणें बळावलें. हें धन प्रबलन. लाडू दिल्यानें कर्कश रडें बंद झालें म्हणून आजीची लाडू देण्याची संवयहि बळावली; हें ऋण प्रबलन, कारण नकोशी गोष्ट दूर झाल्यानें वर्तन दृढ झालें. शिक्षेनें वर्तन घटतें, प्रबलन धन असो वा ऋण, त्यानें तें वाढतें. (आजींनीं रागावूं नये, लाडवाबद्दल आमची तक्रार नाहीं.) असें एक उदाहरण स्वतः रचून पाहिलें कीं दहा वेळां वाचण्यापेक्षां अधिक उमगतें.

एकत्र कुटुंबांत या कामीं माणसांची वाण नाहीं. काकूस मानसशास्त्र येत नसलें तरी अडत नाहीं. पुस्तक त्यांच्या हातीं द्यावें आणि त्यांनीं 'मला समजेल असें सांग पाहूं' म्हणावें. जेथें सांगणारा अडखळतो तेंच कच्चें. विचारणारानें उत्तर लगेच सांगूं नये, थोडा वेळ आठवूं द्यावें. चुकल्यास रागें न भरतां पुस्तक उघडून तेथल्या तेथें दुरुस्ती करावी, आणि तोच प्रश्न तीन-चार दिवसांनीं, इतर प्रश्नांत मिसळून, पुन्हां विचारावा.