काच धुरकटली, पण कुठल्या बाजूने?

जुलैतला ताम्हिणी घाट. गाडीत पाच माणसं, पायाशी ओल्या छत्र्या, खिडक्या घट्ट बंद. बघता बघता समोरची काच पांढुरकी होते आणि चालक फडकं शोधू लागतो. फडक्याआधी बोट वापरावं. काचेला आतून बोट लावल्यावर रेघ उमटली तर बाष्प आतलं. नाही उमटली तर बाहेरचं. दोन्हींचे उपाय जवळजवळ उलटे आहेत.

२५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावतं, १५ अंशांना जेमतेम १३. म्हणून दमट हवा थंड काचेला टेकली, की जादा बाष्प थेंबांच्या रूपात काचेवर बसतं.

घाटात पावसाने काच बाहेरून गार होते आणि प्रवाशांचे श्वास, ओले कपडे आतली हवा दमट करतात. अशा वेळी एसी लावून झोत समोरच्या काचेकडे वळवावा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. गाडीखाली ठिबकतं ते हेच. जोडीला हीटर चालवला तर आणखी उत्तम. आतलीच हवा फिरवणारं बटण मात्र बंद हवं. नेमकं तेच बहुतेकांचं चालू राहतं!

कोकणात उतरल्यावर प्रकार उलटतो. बाहेर उबदार दमट हवा, आत कडाक्याचा एसी. काच बाहेरून धुरकटते. तिथे वायपर फिरवावा, एसीचं तापमान वाढवावं आणि झोत काचेवरून हटवावा.

आतली काच अधूनमधून स्वच्छ पुसलेली बरी. तेलकट थरावर धुरकटपणा लवकर धरतो. ओली पायपुसणीही रात्री गाडीबाहेर काढावीत.