घरी पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा आत्मविश्वास

शेती हा निसर्गाच्या लहरीवर अवलंबून असणारा व्यवसाय होय. म्हणून शेतीला पूरक असा एखादा उद्योग हाताशी असावा, हे या पत्रिकेतून वेळोवेळी सांगण्यात आले आहे. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन व मधमाशापालन या उद्योगांच्या जोडीला अलीकडील काळात आणखी एक उद्योग येऊन बसला आहे. शहरातील कुटुंबांस सुटीच्या दिवसांत आपल्या घरी अथवा शेतावर उतरवून घेणे व त्यांच्या निवासभोजनाची व्यवस्था करून योग्य मोबदला घेणे, हा तो उद्योग होय. यास आता कृषी पर्यटन असे नाव रूढ झाले असून महाराष्ट्र शासनाने २०२० साली त्यासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले आहे.

या उद्योगास लागणारे भांडवल, खोल्यांची रचना किंवा नोंदणीची रीत यांविषयी माहिती मिळू शकते. परंतु ज्या अडचणीमुळे अनेक कुटुंबे पहिले पाऊलच टाकीत नाहीत, किंवा टाकलेले पाऊल मागे घेतात, तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. ती अडचण म्हणजे, ‘हे आपल्याला जमेल काय?’ ही मनातील शंका. प्रस्तुत लेखात या शंकेची कारणे व तिच्यावरील उपाय यांचा विचार करावयाचा आहे.

एक उदाहरण

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्याची किनारपट्टी माड व पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रोठा सुपारीस बाजारात मान आहे. याच पट्ट्यातील दिवेआगर येथे १९९७ च्या नोव्हेंबरात पोफळीच्या वाडीत सुवर्णगणेशाची मूर्ती सापडली. त्यानंतर दर्शनास येणाऱ्यांची रीघ लागली व गावातील कित्येक घरांनी आपल्या पडवीतील खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. २०१२ साली ती मूर्ती चोरीस गेली. पुढे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या.

पोफळ नव्याने लावल्यास फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. बाणवली माडासही जवळपास तेवढाच काळ लागतो. या मधल्या वर्षांत घर कशावर चालावे? अशा परिस्थितीत सापडलेले एक कुटुंब आपण डोळ्यांपुढे आणू. पती, पत्नी, वृद्ध सासूबाई आणि शिकणारी दोन मुले. रोपे लावलेली आहेत, सावलीसाठी मधून केळी घातल्या आहेत. परंतु हाती पैका नाही. घराच्या मागील बाजूस दोन खोल्या रिकाम्या आहेत. शेजारचे लोक म्हणतात, ‘पाहुणे ठेवा’. पती म्हणतात, ‘आपल्या घरात शहरातल्या माणसाने पाहण्यासारखे काय आहे? वाडी तर गेली.’ पत्नीस वाटते, ‘मला त्यांच्याशी नीट बोलता येणार नाही, माझा स्वयंपाक त्यांना आवडणार नाही.’ सासूबाई म्हणतात, ‘घरी आलेल्यास जेवू घालून पैसे घ्यावयाचे, ही कसली रीत?’ खोल्या रिकाम्याच राहतात.

या कुटुंबात कष्टाची तयारी आहे, घर आहे, अन्न शिजविण्याचे कसबही आहे. उणीव आहे ती विश्वासाची.

शंकेची मुळे

रोगाचे कारण कळल्यावाचून औषध देता येत नाही. वरील तीन उद्गारांत शंकेची तीन निरनिराळी मुळे दिसून येतात.

पहिले मूळ चुकीच्या तुलनेत आहे. शेतकरी आपल्या घराची तुलना शहरातील मोठ्या हॉटेलाशी करतो. गुळगुळीत फरशी, थंड हवेची यंत्रे व गणवेशातील नोकर आपल्याकडे नाहीत, म्हणून आपण कमी, असे तो ठरवितो. परंतु ज्यास हॉटेल हवे तो हॉटेलातच उतरतो. जो शेतकऱ्याच्या घरी येतो, तो हॉटेलात न मिळणारी गोष्ट शोधीत येतो. पोफळीवर चढलेला गडी खाली न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर कसा झेपावतो, सोललेल्या सुपारीला अडकित्ता कसा चालतो, मिरीचा वेल झाडावर कसा चढवितात, सुपारी सुमारे चाळीस दिवस उन्हात का वाळवावी लागते, हे त्याने कधी पाहिलेले नसते. वादळाने पडलेली वाडी पुन्हा कशी उभी करतात, हे पाहणे व ऐकणे हेदेखील त्याला मोलाचे वाटते. आपल्या नित्याच्या गोष्टी आपणांस दिसेनाशा होतात. म्हणूनच ‘आपल्याकडे पाहण्यासारखे काय?’ असा प्रश्न पडतो.

दुसरे मूळ अनुभवाच्या अभावात आहे. जे काम आपण कधी केले नाही, त्याविषयी मनात धाकधूक असावी हे स्वाभाविक आहे. नवे बियाणे प्रथमच पेरणाऱ्या शेतकऱ्यासही ती वाटते. ही धाकधूक उपदेशाने जात नाही. ती कामाने जाते.

तिसरे मूळ संकोचात आहे. अतिथीकडून पैसे घेणे आपल्या संस्कारात बसत नाही, असे वडीलधाऱ्यांस वाटते. त्यांचा हा भाव हसण्यावारी नेऊ नये. घरी आलेला सोयरा व मोबदला देऊन राहावयास आलेला प्रवासी यांत भेद आहे, हे त्यांस शांतपणे समजावून द्यावे. सोयऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत व पुढेही घेतले जाणार नाहीत. प्रवासी मात्र स्वतःच मोबदला ठरवून येतो. त्याच्याकडून तो घेण्यात आदरातिथ्याची हानी होत नाही.

शंका दोन प्रकारची

येथे एक भेद ध्यानी घेणे अत्यंत आवश्यक आहे. प्रत्येक शंका खोटी नसते. ‘आपले शौचालय पाहुण्यांस योग्य आहे काय?’, ‘उन्हाळ्यात विहिरीचे पाणी पुरेल काय?’, ‘रात्री वीज गेल्यास काय करावयाचे?’ या शंका उपयुक्त आहेत, कारण त्या करावयाचे काम दाखवितात. उलट, ‘आपण खेडवळ आहोत’, ‘लोक आपल्याला हसतील’ या शंकांतून कोणतेही काम निघत नाही. त्या केवळ मन खच्ची करतात.

म्हणून एक वही घ्यावी व मनातील सर्व शंका एकाखाली एक लिहून काढाव्यात. ज्या शंकेपुढे काही काम लिहिता येईल, तिच्यापुढे ते काम, त्यास लागणारा खर्च व ते पूर्ण करण्याची तारीख लिहावी. जिच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ती शंका बाजूस ठेवावी. अशी यादी केल्यावर डोंगराएवढी वाटणारी अडचण पुष्कळदा शौचालयाची दुरुस्ती, नव्या चादरी, एक कंदील आणि पाण्याची टाकी एवढ्यावर येऊन ठेपते.

अनुभव मिळविण्याचा क्रम

१. प्रथम ओळखीचे पाहुणे. नव्या वाणाची चाचणी आपण आधी लहानशा वाफ्यात घेतो. त्याचप्रमाणे पहिले पाहुणे परिचयातील असावेत. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या नातलगांच्या स्नेह्यांस दोन दिवस बोलवावे. मोबदला अल्प घ्यावा, परंतु अवश्य घ्यावा, आणि जाताना ‘कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्यात?’ असे स्पष्टपणे विचारावे. ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास कोणीही ‘छान’ एवढेच म्हणतो. त्यापासून शिकता येत नाही.

२. एकच खोली. दोन खोल्या असल्या तरी पहिल्या हंगामात एकच द्यावी. एका कुटुंबाची व्यवस्था नीट जमली म्हणजे दुसऱ्या कुटुंबाची भीती राहत नाही.

३. स्वच्छतेची ठरलेली यादी. पाहुणे येण्यापूर्वी चादरी, उशांचे अभ्रे, स्नानगृह, पिण्याचे पाणी, दिवे, डासांची जाळी यांची यादी वाचून एकेक बाब तपासावी. ‘सर्व ठीक असेल ना?’ ही काळजी यादी पूर्ण झाली की आपोआप संपते.

४. आपलाच स्वयंपाक. न येणारे पदार्थ करण्याचा हव्यास धरू नये. घावन, वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक हे ज्या हातांनी आयुष्यभर केले, ते हात त्यातच आत्मविश्वासाने चालतात. तिखट किती चालते व काय वर्ज्य आहे, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

५. बोलण्याची भीती. आपली बोली लपवू नये. पाहुण्याचे स्वागत, घराची माहिती व दिवसाचा कार्यक्रम एवढे तीन विषय प्रथम ठरवून ठेवावेत. वाडीत फिरविताना तर शेतकरीच शिक्षक असतो. ज्या गृहिणीस अनोळखी माणसापुढे बोलवत नाही, तिने पाहुण्यांतील स्त्रियांस चुलीपाशी बोलवावे. कामाच्या ओघात बोलणे सहज सुरू होते.

मोबदला हिशोबाने ठरवावा

आत्मविश्वास नसलेला यजमान दर सांगताना अडखळतो व पाहुण्याने घासाघीस करताच खाली येतो. यावर उपाय म्हणजे हिशोब. समजा, दोन माणसांच्या एका दिवसाच्या मुक्कामास न्याहारी व दोन वेळच्या जेवणाचे साहित्य ५०० रुपये, धुलाई व साबण १५० रुपये, वीज व इंधन १५० रुपये, घराच्या डागडुजीसाठी राखीव २०० रुपये आणि घरातील दोघांची मजुरी ६०० रुपये, असा एकूण १६०० रुपये खर्च येतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. एकदा हा हिशोब हाती आला, की १६०० रुपयांखाली गेल्यास आपण आपली मजुरी फुकट देत आहोत, हे स्पष्ट दिसते. मग नम्रपणे ‘यापेक्षा कमी परवडत नाही’ असे म्हणता येते. घरच्या बाईची मजुरी हिशोबात धरण्यास विसरू नये. तीच बहुधा वगळली जाते.

तक्रार आल्यास

नवशिक्या यजमानाचा धीर पहिल्या तक्रारीने खचतो. दहा कुटुंबे समाधानाने गेली तरी अकराव्याचा एक कटू शब्द रात्रभर झोप लागू देत नाही. हल्ली पाहुणे आपला अभिप्राय मोबाइलवर सर्वांस दिसेल असा लिहितात. त्यामुळे तर हा घाव अधिक लागतो. अशा वेळी तक्रारीचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग खऱ्या उणिवेचा. स्नानास गरम पाणी मिळाले नाही, हे खरे असल्यास क्षमा मागावी व त्याच आठवड्यात व्यवस्था करावी. दुसरा वर्ग अपेक्षेच्या चुकीचा. रातकिड्यांच्या आवाजाने झोप आली नाही, असे कोणी म्हटल्यास दोष घराचा नव्हे. परंतु खोली देतानाच ‘येथे रात्री रातकिडे बोलतात, पहाटे कोंबडा आरवतो’ असे सांगितले, तर पुढील पाहुणा ते जाणूनच येतो. तिसरा वर्ग अशा गोष्टींचा, की ज्यांवर कोणाचाच इलाज नाही. अवकाळी पाऊस आला, समुद्र खवळला, तर त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

आपल्या सौजन्यासही मर्यादा असावी. घरात मद्यपान चालणार नाही, रात्री अमुक वेळेनंतर गोंगाट करू नये, भरतीच्या वेळी व पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, हे नियम आरंभीच सांगावेत. पाहुण्यास ‘नाही’ म्हणता येणे हा यजमानाच्या आत्मविश्वासाचा भाग होय. समुद्राच्या बाबतीत तर हा ‘नाही’ प्राण वाचवितो.

कायद्याची बाजू पक्की असावी

‘कोणी अधिकारी येऊन विचारील तर?’ ही धास्तीही अनेकांस असते. ती कागदपत्रे व्यवस्थित ठेवल्याने दूर होते. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे करता येते. पाहुण्यांस भोजन द्यावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता व ओळखपत्र यांची नोंदवही ठेवावी. परदेशी नागरिक उतरल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात संबंधित कार्यालयास कळविणे बंधनकारक आहे. जवळच्या रुग्णालयाचा व पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

या कामी कार्यकर्त्यांनी केवळ योजनेची माहितीपत्रके वाटून थांबू नये. ज्या घरात हा उद्योग दोन-तीन वर्षे चालला आहे, तेथे नव्याने सुरू करू इच्छिणाऱ्या कुटुंबांस, विशेषतः स्त्रियांस, एक दिवस घेऊन जावे. आपल्यासारखीच स्त्री हे काम सहजतेने करते, हे प्रत्यक्ष पाहिल्याने जो विश्वास येतो तो व्याख्यानाने येत नाही. अनुभवी यजमानास आपल्या आरंभीच्या चुका सांगावयास लावावे. त्या ऐकून नवख्याची निम्मी भीती जाते. तसेच गावातील यजमानांनी एकमेकांशी स्पर्धा करून दर पाडण्याऐवजी आपली खोली भरली असता पाहुणा शेजाऱ्याकडे पाठवावा, अशी समजूत घडवून आणावी. ज्यांच्या घरी पाणी, शौचालय किंवा मनुष्यबळ खरोखरच अपुरे आहे, त्यांस मात्र घाईने या उद्योगात ओढू नये. उत्पन्न हंगामी असते, म्हणून कर्ज काढून मोठे बांधकाम करण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये.

समारोप

आपण ज्या कुटुंबापासून आरंभ केला, त्याकडे पुन्हा वळू. त्यांनी वही केली, शौचालय दुरुस्त केले, एक खोली रंगविली आणि ओळखीच्या एका कुटुंबास बोलाविले, असे समजा. पहिल्या दिवशी पत्नीचे हात कापतील, भात थोडा जास्त शिजेल. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची मुले नव्या रोपांना पाणी घालू लागतील आणि सासूबाई त्यांना अडकित्ता कसा धरावा हे दाखवीत बसतील. तिसऱ्या वेळी पाहुणे येतील तेव्हा भीती मोडलेली असेल. पुढे पोफळी फळावर येतील त्या वर्षी वाडीचे उत्पन्न सुरू होईल आणि त्याच्या जोडीला एक शिकलेला उद्योगही घरात असेल.

आत्मविश्वास आधी व काम नंतर, असा क्रम बहुधा नसतो. बी पेरताना ते उगवेलच अशी खात्री कोणास असते? तरीही शेतकरी जमीन तयार करतो, वेळ साधतो आणि पेरतो. पाहुण्यांसाठी दार उघडतानाही त्याने तेच करावे.